बदकाचं कुलूप

कारखान्यात त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव हजेरीच्या वेळी तेवढं पुकारलं जायचं, आणि तेव्हा तो स्वतःच मागे वळून बघायचा, हा कोण बुवा म्हणून. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तो फिटर होता. कागदाचे थर खळ लावून एकमेकांना चिकटवायचे, रोलरमधून दाबून काढायचे, कापायचे, घड्या घालायच्या, असं तिथलं काम. मशीन अडलं की लोक धावत यायचे आणि हा पान्हे पुसत म्हणायचा, "सावकाश. मशीन कुठे पळून चाललंय?"

बायको सांगायची, "लग्नाला हो म्हणायला ह्यांनी इतका वेळ लावला की माझ्या वडिलांनी दुसरीकडे बघायला घेतलं होतं."

"वाचला बिचारा तो दुसरा," हा म्हणायचा, आणि मग तिच्या हातात जे काही असेल ते, फडकं म्हणा, भाजीचा देठ म्हणा, त्याच्या अंगावर यायचं.

माणसात खोड म्हणावी तर एकच. टोपी. पुठ्ठ्याची धूळ केसात जाते म्हणून डोक्याला कापडी टोपी घालायचा आणि दिवसभरात कुठे ना कुठे विसरायचा. कँटीनच्या टेबलावर, पाण्याच्या नळावर, कधी संडासाच्या खिडकीत. ज्याला दिसेल तो खिशात टाकून आणून द्यायचा, "घ्या, तुमचं डोकं राहिलं होतं तिकडे." सगळ्यात जास्त वेळा आणून द्यायचा तो वायरमन. दोघे एकाच सुमाराला कामाला लागलेले, एकाच बाकावर बसून डबा खाल्लेले. वायरमन म्हणायचा, "माझी अर्धी नोकरी विजेची, अर्धी तुझ्या टोपीची."

टोपी विसरायचा, पण कुलूप नाही. तिथे प्रत्येक फिटरला एक लाल कुलूप दिलेलं असे. मशीनच्या पोटात हात घालायचा तर आधी मेन स्विच पाडायचा, स्विचच्या दांडीला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. एका माणसाला एक कुलूप, एका कुलपाला एकच किल्ली. मग मालक आला तरी मशीन सुरू होत नाही. कुलपं सगळी सारखी, म्हणून जो तो आपापली खूण करायचा. कुणी खिळ्याने ओरखडे काढले, कुणी रंगाचा ठिपका दिला. याच्या कुलपावर बदक होतं. लेक लहान असताना तिने आईचं गुलाबी नेलपॉलिश पळवून ते काढलं होतं. बदक आहे हे सांगावं लागायचं. नाहीतर लोक विचारायचे, "बटाट्याला चोच का आलीय हो?" याने ते कधी पुसलं नाही.

लेक मोठी झाली, कॉलेजात जायला लागली, सायकलवरून. पहिली सायकल कॉलेजच्या फाटकासमोरूनच चोरीला गेली. दुसरी घेतली ती कुणीतरी वापरलेली. त्या सायकलच्या साखळीचं कुलूप एका सकाळी बसलं ते बसलंच. किल्ली आत जाईना, गेली तर फिरेना. परीक्षेचा दिवस. पोरगी दारात रडकुंडीला आलेली, आई आतून ओरडतेय, "चालत जा गं!", ही म्हणतेय, "चालत गेले तर पेपर सुटेपर्यंत पोचेन!"

याने साखळी कापली, तिची टोकं जुळवली, आणि कमरेचं लाल कुलूप काढून तिला दिलं. किल्लीसकट.

"बाबा, तुम्हाला लागेल ना हे?"

"मला दुसरं मिळालंय. नवीन."

"खरंच?"

"अगं, मी काय खोटं बोलतो? जा. आणि सावकाश चालव."

मिळालेलं वगैरे काही नव्हतं. पण तसं म्हटलं नसतं तर तिने ते घेतलं नसतं, तेवढी ती बापावर गेलेली. आणि त्या दिवशी मशीन उघडायचं कामही नव्हतं, नुसतं तेल घालत फिरायचं होतं. निदान त्याला तसं वाटलं होतं.

दुपारच्या आधी खालच्या रोलरवर खळ सुकून बसली आणि पुठ्ठा अडकला. चार मिनिटांचंही काम नव्हे. ते मशीन जुनं. वीज गेली की थांबायचं आणि आली की कुणाला न विचारता फिरायला लागायचं. याने भिंतीपलीकडे जाऊन मेन स्विच पाडला, कमरेला हात घातला, तिथे कुलूप नाही. स्टोअरमध्ये जादा कुलपं होती. पण ती सुपरवायझरला सांगून घ्यायची, आणि तो विचारणार, तुमचं कुठंय? सायकलला लावायला दिलं म्हणून कसं सांगायचं? इतकी वर्षं जो माणूस नव्या पोरांना कुलपावरून रागावत आला, त्याने? त्याला लाज वाटली. म्हणून त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि स्विचच्या दांडीवर अडकवली. म्हणजे बघणाऱ्याला कळेल, इथे कुणाचं तरी काम चाललंय. जुने फिटर असंच करायचे, कुलपं येण्याआधी. कुणी फडकं बांधायचं, कुणी चप्पलसुद्धा.

थोड्या वेळाने वायरमन तिथे आला. त्याचं काम दिव्यांचं होतं, ते झालं होतं, आणि सुपरवायझर लांबून ओरडत होता, "अरे, लाइन कुणी बंद ठेवलीय? चालू करा!" वायरमनने बघितलं, मेन पडलेला, कुलूप कुठलंच नाही, आणि दांडीवर टोपी. तो हसला. राहिलं वाटतं डोकं आज इथे, असं मनाशी म्हणाला, टोपी खिशात घातली, आणि स्विच वर केला.

सावकाशला दुखलं नाही. पुढे लोक विचारायचे आणि तो तेच सांगायचा, दुखलं नाही. हात ओढला गेला, कुणीतरी मोठ्याने ओरडलं, ते आपणच असावं असं त्याला नंतर वाटलं. पहिला विचार आला तो असा की आता खळ सगळी खराब झाली. मग माणसं धावली. त्याला उचलून फाटकाकडे पळत नेताना तो म्हणाला, "सावकाश." ते ऐकून उचलणाऱ्यांतला एक जण रडायला लागला.

मधली दोन बोटं गेली. बाकीची डॉक्टरांनी जागच्या जागी ठेवली, पण ती झोपलेली. बघितलं तर आहेत, डोळे मिटले तर नाहीत. दवाखान्यात खाटेवर बसून तो उजवा हात बघत राही, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू आपल्या मांडीवर ठेवलीय तसा. रडू आलं नाही. भूक लागली नाही, पण दिलं ते खाल्लं. बायको बोलायची, तो हं म्हणायचा. नर्सने विचारलं, "इथे लागतंय? इथे?" आणि सुई टोचली. तो म्हणाला, "तुम्ही टोचताय ना, मग असेल."

वायरमन पहिल्याच संध्याकाळी आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. त्याच्या खिशातून टोपीची कड बाहेर डोकावत होती. त्याला भान नव्हतं. बायकोने ती हळूच काढून घेतली, आणि तेव्हा तो माणूस खाली फरशीवर बसला.

"मी काढली रे," तो म्हणाला. "मला वाटलं, तू विसरलास."

"मीपण तसंच समजलो असतो," सावकाश म्हणाला.

चौकशी झाली. सुरक्षेचे साहेब दवाखान्यात खुर्ची ओढून बसले. भला माणूस होता, आवाज चढवला नाही. "कुलूप कुठे होतं तुमचं?"

"हरवलं."

"कधी?"

"त्याच दिवशी. सकाळी."

"मग नवीन का मागितलं नाही?"

"राहिलं."

साहेबांनी मान हलवली. आता यापुढे फिटरचं काम नाही, बरे झालात की स्टोअरमध्ये बसा. वायरमनला सक्त ताकीद, पुन्हा असं झालं तर घरी. सावकाशने सगळं ऐकलं. त्याला काही वाटलं नाही, किंवा वाटलं असलं तरी ते हाताच्याच बाजूला कुठेतरी होतं, जिथे सुई टोचून कळत नाही. डोक्यात एकच गोष्ट जागी होती. लेकीला कळता कामा नये. कुलूप त्या वेळी कुठे होतं, हे तिला कधीही कळता कामा नये. सायकलला कुलूप लावताना जन्मभर तिला बापाचा हात मशीनमध्ये गेल्याचा आवाज ऐकू येईल, ते त्याला नको होतं.

घरी आणल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. आणि गंमत अशी की भल्या भल्या माणसांना हाताशिवाय बोलताच येईना. शेजारची मावशी म्हणाली, "काही लागलं तर हाक मारा, आम्ही हातभार..." आणि जीभ चावली. मावशीचा नवरा सावरायला गेला, "अहो, डॉक्टरांचा हातगुण..." आणि तोही थांबला. दोघे चहा न पिता उठले. ती गेल्यावर बायकोला हसू आवरेना, हसता हसता ती पदराने डोळे पुसायला लागली आणि मग पुसतच राहिली. याने ते बघितलं. काहीतरी बोलायला हवं हे त्याला कळत होतं.

"चहा राहिलाय त्यांचा," तो म्हणाला. "मला दे."

एकदा भांडी घासता घासता, त्याच्याकडे न बघता, बायकोने विचारलं, "खरंच दुसरं मिळालं होतं का हो कुलूप?"

तो भिंतीकडे बघत राहिला. तिने ताट विसळलं, पालथं घातलं, पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

रोज सकाळी लेक कॉलेजला निघाली की दाराबाहेर साखळीचा आवाज यायचा, खळखळ, आणि मग कुलूप उघडल्याचा बारीक कट्. तो खाटेवर बसून त्या आवाजाची वाट बघायचा. परत मागावं, असं शंभरदा मनात आलं. पण मागितलं तर ती विचारणार, तुमच्या नव्याचं काय झालं? मग दुसरं खोटं, त्याच्या मागून तिसरं. म्हणून ते बदक रोज कॉलेजला जायचं आणि परत यायचं, आणि तो हात मांडीवर ठेवून ऐकायचा.

वायरमन एक दिवसाआड यायचा, कामावरून सरळ, लेक घरी यायच्या आत. यायचा, स्टुलावर बसायचा, आणि दर वेळी तेच.

"कुलूप का नव्हतं रे? तू तर चहाला जातानासुद्धा लावायचास."

"हरवलं म्हटलं ना."

"हरवून जाईल कुठे? मी आज खळीच्या टाकीमागे बघितलं. काल भंगाराचा ढीग उपसला."

"कशाला?"

"सापडलं तर मला कळेल तरी." काय कळेल ते त्यालाही सांगता आलं नसतं. "तुझं ते बदक कुठे उडालंय, बघतोच मी."

आता यात कुणाला हसू येईल. एक माणूस पाळी संपल्यावर गुडघ्यांवर रांगत, बॅटरी घेऊन, मशीनच्या खाली एक कुलूप शोधतोय, आणि ते कुलूप गावातल्या रस्त्यांवरून सायकलला लटकून फिरतंय. कारखान्यातली पोरं त्याला विचारायची, "काय वायरमन, अंडी सापडली का?" तो पुढच्या मशीनखाली शिरायचा. गाल बसले होते त्याचे. सावकाश ते बघायचा आणि एकेकदा शब्द ओठांवर यायचे, अरे, थांब, शोधू नकोस, ते हरवलं नाही. पण मग ते कुणाला सांगू नकोस म्हणावं लागलं असतं, आणि वायरमनच्या पोटात काही राहत नाही हे सगळा कारखाना जाणून होता. म्हणून तो म्हणायचा, "चहा घे." आणि शोध चालू राहायचा.

एके संध्याकाळी वायरमन उशिरा आला, आणि कॉलेज लवकर सुटलं. तो घरातून बाहेर पडायला आणि लेक सायकल भिंतीला टेकवायला एकच गाठ पडली. सावकाशची खाट खिडकीपाशी. त्याला सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं, आणि उठून मध्ये पडण्याइतकं बळ त्याच्या पायांत होतं, तरी तो उठला नाही.

लेकीने साखळी ओवली, कुलूप अडकवलं. वायरमन खाली वाकला.

"बदक!" तो म्हणाला. "अगं, हे इथे? मी तर सगळा कारखाना..."

आणि थांबला. बराच वेळ तो तसाच वाकलेला राहिला, कंबर धरल्यासारखा.

"सगळा कारखाना काय, काका?"

"काही नाही."

"बाबांनी दिलंय ते. परीक्षेच्या दिवशी. त्यांना नवीन मिळालं होतं ना?"

वायरमनने खिडकीकडे बघितलं. खोटं बोलण्यात हा माणूस अगदी कच्चा. विजेचा धक्का बसला तरी सुपरवायझरला खरं सांगायचा, माझंच चुकलं म्हणून. पण त्या दिवशी त्याने जमेल तसं रेटलं.

"हो, हो. मिळालं होतं की. नवीन कोरं. तेच तर हरवलं. मी तेच शोधतोय."

"असं होय," लेक म्हणाली.

"हे चांगलंय तुझं. जपून वापर." तो वळला, रस्त्यापर्यंत गेला, मग परत फिरला आणि आत येऊन स्टुलावर बसला. लेक आत आईकडे गेली होती.



"मी आता शोधायचं थांबवतो," वायरमन म्हणाला.

"बरं."

"पण टोपी मीच काढली. ते काही बदलत नाही."

"कुलूप मी लावलं नाही. तेही बदलत नाही."

"गाढवा, मला सांगायचंस तरी. त्या भंगाराच्या ढिगात विंचू निघाला होता."

"चावला?"

"तो मला बघून पळाला."

सावकाशच्या तोंडावर हसू आलं. आतून आलं नाही, पण तोंडावर आलं, आणि वायरमनला तेवढंही पुरलं. बायकोने चहा आणला. ती म्हणाली, "भाऊजी, आज जेवूनच जा," आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो हो म्हणाला. जेवताना लेक गप्प होती. पण ती एरवीही जेवताना पुस्तकात डोकं घालायची, म्हणून सावकाशने स्वतःला समजावलं, कळलं नसणार. वायरमनने बरं सावरलं. कळलं असतं तर ती काहीतरी बोलली असती.

पुढच्या आठवड्यात त्याला कामावर जायचं होतं, स्टोअरमध्ये. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायची तो शिकला होता. त्यातच सकाळ संपायची. बायको मदतीला आली की म्हणायचा, "सावकाश. शर्ट कुठे पळून चाललाय?" टोपी तिने धुऊन खिळ्याला टांगली होती. तिकडे तो बघत नसे.

जायच्या दिवशी तो बटणांशी झटत बसला होता. बाहेर साखळीचा आवाज आला नाही. वेळ होऊन गेली तरी आला नाही. मग लेकच आत आली, त्याच्यासमोर खाली बसली. तिच्या मुठीत लाल कुलूप होतं.

"बाबा, मी सायकलला दुसरं घेतलं," ती म्हणाली. "याची किल्ली कडक फिरते."

किल्ली कडक फिरत नव्हती. ते कुलूप त्याने इतकी वर्षं स्वतःच्या हाताने तेल घालून ठेवलेलं, लोण्यातून सुरी जावी तशी त्यात किल्ली जायची. हे त्याला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं; रोज दोनदा ती ते उघडत होती.

त्याने तिच्याकडे बघितलं. डोळे सुजलेले होते, आजचे नव्हे. किती दिवसांचे, ते त्याला सांगता येईना. म्हणजे त्या संध्याकाळी सगळं कळल्यावरही रोज सकाळी हिने ते कुलूप उघडलं होतं, खळखळ आणि कट्, बापाला ऐकू जावं म्हणून.

"आण, तेल घालून देतो," तो म्हणाला.

"नको. तुमच्याकडेच राहू दे."

"परीक्षेचा पेपर कसा गेला होता, ते विचारायचंच राहिलं."

"चांगला गेला," ती म्हणाली, आणि अंगठ्याने कुलूप पुसलं. बदकाची चोच झिजून गेली होती. आता ते बदकही नव्हतं, बटाटाही नव्हता, लालावर एक गुलाबी डाग होता नुसता.

तिने कुलूप त्याच्या शेजारी खाटेवर ठेवलं. मग त्याचा उजवा हात मांडीवरून उचलला, उलटा केला, किल्ली तळहातावर ठेवली, आणि उरलेली बोटं एकेक करून तिच्यावर मिटली. नंतर आपल्या दोन्ही हातांत ती मूठ धरून बसली.

त्याला किल्ली लागली नाही, तिचे हातही लागले नाहीत. तो बघत होता म्हणून त्याला कळलं. त्याने डोळे मिटले नाहीत.